फिट काय नेतात, तेही छापा

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीत फिट आणि मेंदूच्या शस्त्रक्रियेवर, फिटसाठी ऑपरेशन झाले आणि आठवण गेली त्या हेन्री मोलेसन यांच्यावर, जो लेख आला, त्याबद्दल लिहिते आहे. सोमवारीच लिहायला बसले होते, पण हात थरथरत होता म्हणून एक दिवस थांबले.

आमची आई तुमचे दैनिक पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचते. तो लेख तिने दोनदा वाचला, पान घडी करून देवघराच्या फळीवर ठेवले आणि दुसऱ्या दिवशी भाकरी थापता थापता मला म्हणाली, "पोराच्या डोक्याला हात लावू द्यायचा नाही." माझ्या धाकट्या भावालाही फिट येतात, त्याच्या ऑपरेशनची तारीख पुढच्या महिन्याची १८ आहे. एमआरआय, व्हिडिओ ईईजी, पुण्याच्या फेऱ्या, पैशांची जुळवाजुळव, या सगळ्यात दोन वर्षे गेली तेव्हा कुठे ती मिळाली.

हेन्री मोलेसन यांची हकीकत खरी आहे, ऑपरेशननंतर त्यांना नवे काही लक्षात राहत नव्हते, ते मी नाकारत नाही. पण ऑपरेशन १९५३ सालचे, हे तुमच्या लेखात शेवटून दुसऱ्या परिच्छेदात येते. तिथपर्यंत पोचेस्तोवर आईचा निर्णय झालेला होता. अमेरिकेतील हार्टफर्डमध्ये डॉ. विल्यम स्कोव्हिल यांनी मोलेसन यांच्या दोन्ही कानशिलांच्या आतल्या बाजूचा मेंदूचा भाग काढला. दोन्ही बाजूंचा! त्या भागातला हिप्पोकॅम्पस नवी आठवण साठवायला लागतो, हे त्या वेळी कोणाला नीट ठाऊक नव्हते. ते कळले मोलेसन यांच्यामुळेच. मानसशास्त्रज्ञ ब्रेंडा मिल्नर यांनी त्यांच्या आठवणीच्या चाचण्या घेतल्या, १९५७ मध्ये स्कोव्हिल यांच्याबरोबर निबंध छापला आणि असे ऑपरेशन दोन्ही बाजूंनी करू नये, हे जगाला समजले. तो माणूस २००८ मध्ये वारला. पन्नासहून अधिक वर्षे त्याने चाचण्या दिल्या, म्हणून आज माझ्या भावाचे डॉक्टर सुरी हातात घेण्याआधी आठवण तपासतात. लेखात हे वाक्य हवे होते.

एकाच बाजूचे ऑपरेशन होऊनही आठवण गेलेले रुग्ण मिल्नर यांनी माँट्रियलमध्ये पाहिले होते, हेही मी लपवत नाही. त्यातल्या एकाच्या मृत्यूनंतर मेंदू तपासला, तेव्हा न कापलेली बाजू आधीपासूनच आक्रसलेली निघाली. म्हणून आता दुसरी बाजू धड आहे की नाही, हे आधी बघतात. माझ्या भावाचीही बघितली. खराब भाग उजवीकडे आहे, डावी बाजू चांगली आहे. धोका अजिबात नाही, असे डॉक्टर म्हणाले नाहीत. किती आहे, ते कागदावर काढून समजावले.

आता खरे सांगायचे ते. माझ्या लग्नाच्या अल्बममध्ये एक फोटो आहे. भाऊ एकोणीस वर्षांचा, नवा शर्ट, केसांना तेल, आणि दाजींचा कान असा पिळलाय की दाजींनी डोळे मिटलेत. कानपिळीचा मान म्हणून त्याला मनगटी घड्याळ मिळाले होते. ते घड्याळ तो आजही वापरतो. लग्न मात्र त्याला आठवत नाही. हळद नाही, वरात नाही, काही नाही. दिवाळीत अल्बम निघाला की फोटोवर बोट ठेवून विचारतो, "अक्का, हा मीच ना?" दर वर्षी विचारतो. मी दर वर्षी सांगते.

त्याच्या डोक्याला आजवर कोणी सुरी लावलेली नाही. अकराव्या वर्षापासून फिट येतात, आज तो एकतीसचा आहे. आधी कुठेतरी जळल्याचा वास येतो, मग शर्टाचे बटण चोळत राहतो, ओठ हलत राहतात, आणि दोन मिनिटे तो आमच्यात नसतो. चार प्रकारच्या गोळ्या झाल्या. टॉवेलच्या कारखान्यात त्याला मागाजवळ उभे करत नाहीत, घडीवर बसवतात. मेमरीच्या तपासणीत एक आकृती दाखवली आणि अर्ध्या तासाने आठवून काढायला सांगितली. त्याने बाहेरची चौकट काढली आणि पेन्सिल खाली ठेवली. मी शेजारच्या खुर्चीवर होते. ऑपरेशनने आठवण जाईल, अशी भीती तुम्ही आईला घातलीत. जी फिटमुळे जातेच आहे तिचे काय, यावर एक ओळ नाही.

आकडे हवे असतील तर तेही आहेत. कॅनडात ८० रुग्णांवर केलेला अभ्यास २००१ मध्ये प्रसिद्ध झाला. वर्षभराने, भान हरपणाऱ्या फिट पूर्ण थांबलेले रुग्ण ऑपरेशनच्या गटात ५८ टक्के होते, नुसत्या गोळ्यांच्या गटात ८ टक्के. आपल्याकडे तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेत १९९५ पासून ही ऑपरेशने होतात. हे सगळे परदेशातले आणि जुन्या काळातले आहे, असा समज लेखाने होतो, तो चुकीचा आहे.

आणखी एक. त्याच पानावर खाली 'फिट मुळापासून बंद, गोळ्या सोडा' अशी जाहिरात होती. गोळ्या एकाएकी सोडल्या तर फिटवर फिट येऊन जीव जाऊ शकतो. तेवढ्या जागेत, फिट आलेल्या माणसाला कुशीवर वळवा, तोंडात काही घालू नका, पाच मिनिटांत थांबली नाही तर दवाखान्यात न्या, एवढे तरी बसले असते. गड्ड्याच्या जत्रेत होम मैदानावर भावाला फिट आली, तेव्हा कोणी कांदा आणला, कोणी चप्पल नाकाला लावली, आणि एकाने दातांत चमच्याचा दांडा घातला. माणसे चांगल्या मनानेच धावली होती. पुढचा दात तुटला तो तुटलाच.

माझी विनंती एवढीच की मेंदूच्या डॉक्टरांकडून या विषयाची दुसरी बाजू लिहून घ्या आणि त्याच पुरवणीत, त्याच जागी छापा, आतल्या पानाच्या कोपऱ्यात नको. माझे सांगणे आई ऐकत नाही, छापलेले ऐकते. १८ तारखेआधी तुमचे तीन रविवार आहेत.

आपली,
एक शिक्षिका, अशोक चौक, सोलापूर
(भावाच्या नोकरीमुळे नाव छापू नये, ही विनंती.)