निम्मी त्रिज्या म्हणजे निम्मी शक्यता नव्हे

संपादक महोदय,

वर्तुळाकार फलकावर यदृच्छया बिंदू टाकला तर तो आतल्या वर्तुळात पडण्याची संभाव्यता किती, या साध्या प्रश्नात हमखास एक चूक होते. बाहेरची त्रिज्या १० सेंमी, आतली ५ सेंमी, म्हणून उत्तर १/२. खरे उत्तर १/४. इथे तुलना क्षेत्रफळांची आहे, आणि क्षेत्रफळ त्रिज्येच्या वर्गाच्या पटीत वाढते : २५ भागिले १००.

दोन्ही आकार वर्तुळेच असतील तर पायची किंमत घालण्याची गरजच नाही. तो अंशातही आहे आणि छेदातही, म्हणून जातो. तरीही मुले आधी ३.१४ ने गुणाकार करून बसतात आणि वर २२/७, खाली ३.१४ अशी सरमिसळ झाली की सोपा अपूर्णांक हातचा जातो. चौरसात बसवलेल्या वर्तुळाची गोष्ट वेगळी. तिथे उत्तर पाय भागिले ४, म्हणजे साधारण ०.७८५, आणि पाय उत्तरात राहतोच.

वलयाच्या उदाहरणात दुसरा खड्डा आहे. ६ आणि १० सेंमी त्रिज्यांमधल्या वलयासाठी १०० वजा ३६, म्हणजे ६४, संभाव्यता १६/२५. आधी १० मधून ६ वजा करून ४ चा वर्ग केला की १६/१०० येते, आणि ते दिसायलाही इतके नीटनेटके असते की शंका येत नाही. ताळा सोपा आहे : आतल्या वर्तुळाची ३६/१०० त्यात मिळवा, बेरीज १ यायला हवी.

धनुर्विद्येचा १२२ सेंमी व्यासाचा फलक यासाठी उत्तम नमुना. त्यात सारख्या रुंदीची दहा वर्तुळे आहेत आणि दहा गुणांच्या वर्तुळाचा व्यास १२.२ सेंमी. आतून बाहेर क्षेत्रफळे १, ३, ५ अशी वाढत १९ पर्यंत जातात, बेरीज १००. म्हणजे दहा गुण १/१००, एक गुण १९/१००. अर्थात नेम धरणाऱ्याला हे लागू नाही. बाण फलकावरच लागला आहे आणि प्रत्येक जागा सारखीच शक्य आहे, या दोन अटी प्रश्नात लिहिलेल्या असायलाच हव्यात. बहुतेक प्रश्नांत त्या गृहीत धरून सोडून दिलेल्या असतात, ही माझी मुख्य तक्रार.

चारही भागांची शक्यता सारखी हवी असेल तर १० सेंमी त्रिज्येच्या फलकावर वर्तुळे ५, ७.०७, ८.६६ आणि १० सेंमीवर काढावी लागतात. शेवटची पट्टी जेमतेम १.३४ सेंमीची उरते.

संगणकावर पडताळणी करणाऱ्यांनी एक पाहावे. केंद्रापासूनचे अंतर ० ते १० मध्ये सरसकट यदृच्छया निवडले, तर निम्मे बिंदू आतल्या पाव क्षेत्रफळात दाटतात आणि चुकीचे १/२ चक्क ‘सिद्ध’ होते. ० ते १ मधली यदृच्छ संख्या घेऊन तिच्या वर्गमुळाला १० ने गुणावे. दिशा वेगळी निवडावी. नाहीतर चौरसात बिंदू टाकून वर्तुळाबाहेरचे सोडून द्यावेत. मात्र या दुसऱ्या रीतीने पायची किंमत काढू पाहाल तर १०,००० बिंदूंपैकी सुमारे ७,८५४ आत पडतात आणि चाळीसेक बिंदू इकडेतिकडे होणे नेहमीचेच. तेवढ्याने पायच्या दुसऱ्या दशांशस्थळाचाही भरवसा राहत नाही.

आपला,
एक गणितशिक्षक