गाडी घेतली आहे, आणि जुनीच घेतली आहे

तीर्थरूप आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

गाडी घेतली आहे. जुनीच घेतली आहे, अकरा वर्षांची, पेट्रोलवरची, आणि ती तुमच्या दारात उभी राहणार आहे. फोनवर सांगितलं असतं तर बाबांनी "बरं" म्हणून फोन आईच्या हातात दिला असता, आई "कशाला गं" म्हणाली असती आणि माझं निम्मं बोलणं तिथेच राहिलं असतं. म्हणून पत्र. आधी सगळं वाचा, मग रागवा.

पावसात स्कूटर घसरली हे मला शेजारच्या काकूंकडून कळलं. "काही लागलं नाही" हे तुमचं नेहमीचंच, बाबा. आईचा गुडघा त्यानंतर किती सुजला होता तेही मला काकूंनीच सांगितलं. तुमच्याजवळ राहत नाही, तेव्हा रोजची नेआण मला जमत नाही, आणि इथे बसून नुसती काळजी करणं आता मला झेपत नाही. त्यामुळे हे ठरवून टाकलं.

बाबा, तुमचं वाक्य पाठ आहे मला. जुनी गाडी म्हणजे दुसऱ्याचं दुखणं विकत घेणं. काकांच्या त्या पांढऱ्या गाडीपायी आपण काय काय सोसलं ते मी विसरलेले नाही. पण नवी घेतली असती तर काय झालं असतं तेही मला ठाऊक आहे. तुम्ही तिला कव्हर घालून ठेवली असती, ओरखडा पडेल म्हणून बाजारात नेली नसती आणि आईला मागे बसवून स्कूटरच काढली असती. वर माझे हप्ते चुकू नयेत म्हणून ठेव मोडायला निघाला असता. या गाडीच्या मागच्या दारावर आधीच एक लांबलचक ओरखडा आहे. तो मी मुद्दाम तसाच ठेवला आहे.

दुखणी तिला होतीच. पण एकेक शोधून निस्तरली आहेत. आधीचे मालक वयस्कर, गाडी फारशी बाहेर न काढणारे. अकरा वर्षांत ४६,००० किलोमीटर. ऐकायला छान वाटतं, पण उभ्या गाडीची दुखणी वेगळीच असतात. रबर किलोमीटर मोजत नाही, वर्षं मोजतं. टायरची नक्षी नव्यासारखी होती. मी खाली बसून बाजूवरचा नंबर वाचला. DOT या अक्षरांनी सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. यांच्यावर ३२१५ होतं, म्हणजे २०१५ सालचा ३२वा आठवडा. अंगठ्याने दाबलं की कडेच्या बारीक भेगा उघडत होत्या. स्टेपनीसकट पाचही टायर बदलले.

बॅटरीचं तसंच. सेल्फ मारला की नुसतं टकटक व्हायचं. टर्मिनलवर पांढरी-हिरवी पूड साचली होती, ती खायच्या सोड्याच्या पाण्याने धुतली, तरी फरक नाही. रात्रभर उभ्या गाडीची चांगली बॅटरी साधारण १२.६ व्होल्ट दाखवते, हिची १२.१ वर होती. इंजिन चालू केल्यावर मीटर १४.२ वर गेलं, म्हणजे चालत्या इंजिनावर बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटर ठीक. बॅटरी नवी टाकली, आणि ती नवीसुद्धा दोन दिवस गाडी उभी राहिली की बसायला लागली! गाडी बंद असताना काहीतरी वीज खात होतं. फोनवर व्हिडिओ सुरू करून तो डिकीत ठेवला आणि झाकण लावलं. बाहेर काढून पाहते तर आतला दिवा ढणढणा जळतोय. झाकण लागलं की दिवा विझवणारी बटणासारखी कळ अडकली होती. गॅरेजवाल्याने अल्टरनेटर बदलायला सांगितला होता, आणि दोष निघाला तो या कळीचा.

आता मिसिंगचं, म्हणजे इंजिन मधेच ठोका चुकवतं त्याचं सांगते, ते वाचून तुम्हाला बरं वाटेल. गाडी उभी असताना थरथरायची, चढावर पिकअप नाही आणि डॅशबोर्डवर इंजिनचा पिवळा दिवा. स्टिअरिंगच्या खाली एक सॉकेट असतं, त्यात स्कॅनर लावला की कोड येतो. आला पी०३०२. म्हणजे दोन नंबरच्या सिलिंडरमध्ये पेट्रोल नीट पेटत नाही. लोक कोड आला की तो पार्ट विकत आणतात. पण कोड तक्रार कुठली ते सांगतो, ती कोणामुळे ते सांगत नाही. प्लग असेल, त्याला ठिणगीची वीज देणारी कॉइल असेल, पेट्रोल फवारणारा इंजेक्टर असेल, कॉम्प्रेशन गेलेलं असेल. मग मी दोन नंबरची कॉइल तीन नंबरवर लावली आणि तीनची दोनवर, कोड पुसला आणि एक चक्कर मारून आले. आता कोड आला पी०३०३. दोष कॉइलबरोबर सरकला, म्हणजे कॉइलच खराब. एवढीच बदलली.

प्लग तरीही चारही काढून पाहिले. तुमची सवय. रविवारी सकाळी अंगणात वर्तमानपत्र पसरून तुम्ही स्कूटर खोलायचात, काढलेले नट क्रमाने मांडायचात आणि मला सांगायचात, "हात लावायचा नाही, नुसतं बघायचं." आईच्या जुन्या साडीचा तुकडा हातात धरून मी तासन्‌तास बघत बसायचे. प्लगचं तोंड तांबूस-भुरकट असेल तर इंजिन खुशीत, काळी काजळी असेल तर पेट्रोल जास्त, तेलकट ओलं असेल तर खर्चाची तयारी ठेवा, हे मी तिथेच शिकले. शेवटी तुम्ही किक मारायला मला बोलवायचात, माझ्या पायाने ती निम्मीच खाली जायची, आणि तुम्ही मागून हळूच दाबायचात. मला वाटायचं मीच चालू केली. असो. चारही भुरकट निघाले, बाबा.

पुढचं दुखणं गरम होण्याचं. मोकळ्या रस्त्यावर काटा जागेवर, गर्दीत थांबलं की वर. यावरून निम्मा शोध तिथेच लागतो, कारण धावत्या गाडीत रेडिएटरला वारा आपोआप मिळतो, उभ्या गाडीत तो पंख्याने द्यावा लागतो. एसी लावून बॉनेट उघडलं, पंखा ढिम्म. त्याच मापाचा हॉर्नचा रिले, म्हणजे वीज चालू-बंद करणारी डबी, काढून पंख्याच्या जागी लावला आणि पंखा फिरला. रिले बदलला. कूलंटही बदललं, आणि तेलाच्या टोपीखाली दुधाळ साय नाही ना तेही पाहिलं. ती असती तर कूलंट तेलात मिसळतंय, म्हणजे हेड गॅसकेट गेल्याचा संशय होता, आणि मग मी ही गाडी तुमच्याकडे आणलीच नसती.

ब्रेक ऑइल चहासारखं झालं होतं. ते हवेतला ओलावा ओढतं. डॉट ४ प्रकारचं नवं ब्रेक ऑइल किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही, ओलावा मुरला की हीच मर्यादा १५५ पर्यंत उतरू शकते. मग लांब उतारावर सतत ब्रेक दाबला की आत वाफ धरते आणि पेडल पोकळ होतं. घाटातली ती रात्र आठवते ना? तेव्हा काय झालं असावं ते मला आत्ता उमगलं. सगळं ऑइल काढून नवं भरलं आहे. दर दोन वर्षांनी बदलायचं, तारीख मी लक्षात ठेवीन.

टायमिंग बेल्ट, म्हणजे इंजिनातले व्हॉल्व्ह आणि पिस्टन ताळ्यात ठेवणारा पट्टा, कधी बदलला याची नोंद कुठेच नव्हती, तेव्हा फार विचार न करता बदलूनच टाकला. तो तुटण्याआधी सहसा आवाज देत नाही आणि अशा इंजिनात तुटला की व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात. वॉटर पंपसुद्धा त्याच वेळी बदलून घेतला, कारण तिथे पोचायलाच सगळं खोलावं लागतं. हा खर्च मोठा होता. आकडा विचारू नका.

आई, आता तुझं. सीट उंचावर आहे, बसताना गुडघा फार वाकवावा लागत नाही, आधी बसायचं आणि मग दोन्ही पाय आत घ्यायचे. दाराच्या वर धरायला कडी आहे. एसीचा केबिन फिल्टर बदलला, कुबट वास पूर्ण गेला. एसी चालू असताना गाडीखाली पाणी ठिबकेल, स्वच्छ आणि बिनवासाचं, ते एसीचंच असतं, घाबरू नकोस. कमरेसाठी उशी मी आणते. तुझी पिशवी, पाण्याची बाटली, छत्री सगळं पुढ्यात राहील एवढी जागा आहे.

बाबा, आता चिडायचं नाही. गाडी गरम असताना रेडिएटरची टोपी उघडायची नाही. अजिबात नाही. आत दाबाखाली उकळतं पाणी असतं. काटा वर गेला तर एसी बंद, हीटर पूर्ण सोडायचा, गाडी बाजूला घेऊन बंद करायची आणि मला फोन. तेलाचा लाल दिवा लागला तर तिथल्या तिथे इंजिन बंद, "घर आलंच आहे" म्हणायचं नाही. पिवळा इंजिनचा दिवा नुसता लागून राहिला तर सावकाश गॅरेज गाठा. तो लुकलुकत असेल तर पुढे रेटू नका, न जळलेलं पेट्रोल धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तो निकामी होतो. टायरमधली हवा सकाळी थंड असताना बघायची, आकडा दाराच्या खांबावर चिकटवलेला आहे, टायरवर लिहिलेला आकडा भरायचा नाही, तो कमाल मर्यादेचा असतो. आठवड्यातून एकदा तरी अर्धा तास चालवायची. नुसती सुरू करून अंगणात उभी ठेवणं म्हणजे चालवणं नव्हे.

आणि दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन होईपर्यंत रात्री चालवायची नाही. समोरचे दिवे डोळ्यांवर येतात असं तुम्हीच आईला म्हणालात. तुमच्या चालवण्यावर माझा विश्वास आहे, तुमच्याइतकं जपून गाडी चालवणारं माणूस मी पाहिलेलं नाही. म्हणूनच म्हणते, ऑपरेशन पुढे ढकलू नका. तारीख मी घेते, रजाही टाकते.

स्कूटर विकू नका. तिला तिथेच राहू दे, रविवारी खोला, पुसा. फक्त आईला मागे बसवायचं नाही.

गाडीचं थोडं काम मी तुमच्यासाठी ठेवलं आहे. काचेवर पाणी मारणारं एक भोक बुजलं आहे, सुईने मोकळं होईल. डाव्या बाजूची काच वर जाताना रेंगाळते, खाचेतलं रबर सुकलं आहे, त्यावर सिलिकॉन स्प्रे मारावा लागेल. आणि खड्ड्यात पुढून एक बारीक ठक असा आवाज येतो. मला सस्पेन्शनचा लिंक रॉड वाटतो, गॅरेजवाला त्यातलं रबरी बुश म्हणतो. तुम्ही ऐकून सांगा.

हो, एक राहिलं. गाडी मी आईच्या नावावर करते आहे, म्हणजे बाबांना ती परस्पर विकून मला पैसे परत पाठवता येणार नाहीत. आई, सह्या पुष्कळ आहेत, वाचायचा चष्मा शोधून ठेव.

तुमची,
चिऊ