तरुण कार्यकर्ता आणि मतदार यादी

महोदय,
खान्देशात उजव्या विचारांचे तरुण कार्यकर्ते झपाट्याने पुढे येत आहेत, त्याचे श्रेय सगळे रील्सना देतात. हे काही पटत नाही. एकनाथ खडसे यांच्या सून, भाजपच्या रक्षा खडसे २०१४ मध्ये रावेरच्या खासदार झाल्या, त्याआधी कोथळीचे सरपंचपद आणि जिल्हा परिषद झाली होती. घराण्याचे बळही होतेच, ते कशाला लपवायचे? ज्याच्यामागे घराणे नाही, त्याला मतदार यादीच तारते. अठरा पूर्ण झालेल्यांचे नाव नोंदवायला नमुना ६ चा अर्ज, मयतांचे नाव वगळायला ७, पत्ता बदललेल्यांसाठी ८. हे काम दिवाळीआधी उरकावे. नंतर चाळीसगाव, पाचोऱ्याकडची कुटुंबे ऊसतोडीला जातात, दाराला कुलूप. मतदानाच्या पहाटे अभिरूप मतदानात (यंत्र तपासायच्या चाचणी मतदानात) किमान ५० मते टाकून व्हीव्हीपॅटच्या चिठ्ठ्या जुळवायच्या आणि संध्याकाळी नमुना १७-सीची, म्हणजे केंद्रावरच्या मतांच्या हिशेबाची, सही असलेली प्रत घेतल्याशिवाय केंद्र सोडायचे नाही. हौशी पोरे नेमकी इथेच घसरतात. भरीत पार्टीचा निरोप आला की पळतात, आणि मतमोजणीच्या टेबलावर यंत्राचा क्रमांक व एकूण मते ताडायला हातात कागदच नसतो. पक्षाने पद देताना भाषणाचा व्हिडिओ बघू नये, त्या केंद्राची खुणा केलेली मतदार यादी मागावी.

– एक वाचक, चाळीसगाव