बारा आहे, सात नाही

सातारा,
रविवार, रात्री नऊ

चि. सोनूस,
अण्णांचे अनेक आशीर्वाद.

हे सगळं फोनवर जमलं नसतं. तू कायम घाईत असतेस आणि मला मुद्द्यावर यायला वेळ लागतो. म्हणून कागद घेऊन बसलोय. सावकाश वाच.

शनिवारी पहाटे पावणेचारला पोवई नाक्यावर पेपरचे गठ्ठे उतरले. लाईन टाकणारी, म्हणजे घरोघर पेपर टाकणारी, दोन पोरं आलीच नव्हती, त्यामुळे पुरवण्या भरायला मीच बसलो. ज्या शनिवारी पुरवणीत तुझं नाव असतं त्या दिवशी पहिला अंक मी बाजूला काढून ठेवतो, तुझ्या आईसाठी. तिथेच दिव्याखाली तुझा लेख वाचला. पुण्यातली नोकरी सोडून पसरणी घाटाच्या वर स्ट्रॉबेरी लावणारं जोडपं. नवरा एकतीसचा, बायको एकोणतीसची. मातीचं घर, पहाटेचं धुकं, स्वतःच्या हातानं लावलेली रोपं. भाषा तुझी चांगलीच आहे. धुक्याचं वर्णन वाचताना मला खरंच गार वाटलं.

आणि संध्याकाळी घरच्या ग्रुपवर तू दुसरंच काही टाकलंस. त्याच लेखाची नक्कल. ‘महिना साडेचार लाखांत दोघं आणि एक लॅब्राडोर कसेबसे दिवस काढतात’, ‘आंबट पिठाचा पाव फुगेना तेव्हा आयुष्याचा अर्थ कळला’, असं बरंच काही. तुझा भाऊ हसला, तुझी चुलत भावंडं हसली. तू खाली लिहिलंस, ‘ऑफिसात आम्ही सगळे असंच हसतो.’

मला रात्रभर झोप लागली नाही, सोनू. तू श्रीमंतांच्या पोरांची चेष्टा केलीस म्हणून नाही, ती खुशाल कर. सकाळी ज्यांची आरती ओवाळलीस त्यांचीच संध्याकाळी टिंगल केलीस, आणि दोन्ही वेळा एकच गोष्ट लिहायची राहिली, ते मला लागलं.

कोणती गोष्ट ते सांगतो. वाईकडचे एक म्हातारे गृहस्थ लेकीकडे आले की माझ्याकडून पेपर घेतात. शनिवारी आठच्या सुमाराला आले, उभ्या उभ्या पुरवणी उघडली आणि तुझ्या लेखातल्या फोटोवर बोट ठेवून म्हणाले, “ह्यो आंबा माझ्या आज्यानं लावलाय.” त्या घरामागचं रान त्यांचं होतं. अकरा वर्षांपूर्वी मंडळींच्या आजारपणात ते विकावं लागलं. घेतलं त्या मुलाच्या वडिलांनी. ते मोठ्या हुद्द्यावर होते आणि त्यांची वडिलोपार्जित शेती दुसऱ्या तालुक्यात होती, म्हणून त्यांना घेता आलं. आज हे म्हातारे त्याच रानात रोजानं जातात. रोपं लावली ती त्यांनी आणि त्यांच्या सुनेनं. तुझ्या लेखात ते आहेत, ‘गावातले एक प्रेमळ काका मदतीला येतात’ एवढ्यापुरते. फोटोतही आहेत, उजव्या कडेला नुसता हात. तो हात त्यांनी मला दाखवला. तक्रार म्हणून नाही, माझं काही तरी छापून आलंय म्हणून.

तू आपल्या आजोबांचा सातबारा पाहिलेला आहेस. नमुना सात म्हणजे जमीन कुणाची, कुणाकडून आली, इतर हक्कात कुणाचा बोजा आहे. नमुना बारा म्हणजे त्या जमिनीत पिकतं काय. तुझ्या लेखात बारा आहे, सात नाही. स्ट्रॉबेरी आहे, धुकं आहे, मातीची भिंत आहे. जमीन कुणाच्या नावावर, ते नाही. आणि तुझ्या नकलेतही नाही! तिथंही कुत्रा, पाव आणि पगार.

महाराष्ट्रात शेतकरी नसलेल्या माणसाला परवानगीशिवाय शेतजमीन विकत घेता येत नाही. १९४८ च्या कुळकायद्याचं कलम ६३ आहे ते. म्हणजे ‘नोकरी सोडली आणि शेती सुरू केली’ हे वाक्य कुणालाही लिहिता येतं, पण तसं करता येतं ते ज्याच्या घरात आधीपासून सातबारा आहे त्यालाच. तिथं घर बांधायचं तर आणखी वेगळं. महाबळेश्वर-पाचगणीचा भाग २००१ पासून पर्यावरणाच्या दृष्टीनं संवेदनशील म्हणून जाहीर आहे. स्वतःच्या रानात एक खोली वाढवायची तर तिथला शेतकरी किती हेलपाटे घालतो ते कुठल्याही गावात विचार. स्ट्रॉबेरीलाही भांडवल लागतं. रोपं, गादीवाफे, मल्चिंगचा कागद, ठिबक, तोडणीची मजुरी, फळं भरायचे पनेट. पैसे आधी जातात, येतात मागून, आणि मध्येच अवकाळी पडला तर येतच नाहीत. हे सगळं ज्याला झेपतं त्याच्या मागे कुणीतरी उभं असतं. कुणी उभं असणं यात काही पाप नाही. ते लपवलं की मात्र वाचणाऱ्या पोराला वाटतं, आपल्यातच काही तरी कमी आहे.

माझी लाईनची पोरं पुरवणी वाचतात, तुला माहीत आहे का? अंक टाकून झाले की चहा घेताना उरलेला अंक उघडतात. त्यातला एक, बावीस वर्षांचा, शनिवारी मला म्हणाला, “अण्णा, ह्यांना जमतं, मग आपल्याला का नाही जमत?” त्याचा बाप जावळीतून मुंबईला गेला, वाशीच्या मार्केटात माथाडी झाला. मी काय सांगणार होतो? तुझ्या लेखात उत्तर नव्हतं. तुझी नक्कल त्याला दाखवली असती तर तोही हसला असता, पण उत्तर तिच्यातही नव्हतं.

ते ऑस्ट्रेलियातल्या बिल्डरचं तूच मला सांगितलं होतंस. २०१७ साली तो टीव्हीवर म्हणाला की आजची तरुण पोरं महागडे अव्होकॅडो टोस्ट खातात, म्हणून त्यांना घर घेता येत नाही. जगभर त्या टोस्टवर विनोद झाले. पण त्याला धंद्याच्या सुरुवातीला आजोबांनी ३४ हजार डॉलर दिले होते, ही खरी बातमी. ती किती लोकांच्या लक्षात राहिली? चेष्टा टोस्टवरच अडकली आणि आजोबांचे पैसे मागे राहिले. तुझ्या नकलेचं तेच झालंय. पाव फुगला नाही याला हसून कुणाचं काही बिघडत नाही. ते जोडपंसुद्धा हसून पुढे पाठवील.

मला वर्तमानपत्राचा व्यवहार कळत नाही असं समजू नकोस. अंकाच्या किमतीत कागद-छपाईचा खर्च निघत नाही, बाकीचं जाहिरातीतून येतं, हे मला तुझ्या जन्माच्या आधीपासून ठाऊक आहे. २०२० च्या एप्रिलमध्ये घरोघरचं वाटप काही दिवस बंद झालं आणि जाहिरातीही आटल्या, तेव्हा गठ्ठे किती हलके झाले ते माझ्या खांद्यानं पाहिलंय. ज्या पानावर ‘अठ्ठाविसाव्या वर्षी स्वतःचा फ्लॅट’ अशी मुलाखत असते त्याच्या समोरच्या पानावर बिल्डरची जाहिरात असते, आणि ती दोन्ही पानं एकमेकांत सरकवतो मी. तुझ्या वरच्या माणसाला ‘वडिलांनी पहिले वीस लाख भरले’ हे वाक्य नको असतं, हेही समजतं. तुझा पगार त्यातूनच येतो. नोकरी सोड असं मी म्हणत नाही. पण त्या एका वाक्यासाठी भांडून तरी बघ. दहा वेळा कापलं जाईल, अकराव्या वेळी राहील.

पत्रकारितेच्या पहिल्या वर्षाला असताना तू दिवाळीला आलीस आणि आईला, मला बसवून पत्रकार पी. साईनाथांचं सांगितलंस. २००६ साली मुंबईत फॅशन वीक झाला तेव्हा तिथं ५१२ पत्रकार होते, मॉडेल सुती कपडे घालून चालत होत्या, आणि तो कापूस पिकवणारा विदर्भातला शेतकरी त्याच दिवसांत जीव देत होता. त्याच्याकडे गेलेले पत्रकार हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. हे सांगताना तुझा आवाज कापत होता. तुझ्या आईनं त्या रात्री नीट जेवण केलं नाही. त्याच मुलीनं परवा म्हाताऱ्याचा हात फोटोच्या कडेला ठेवला. तुला ते दिसलं नसेल, मी समजू शकतो. पण पुन्हा फोटो काढून बघ.

आता आपल्या घरचं. हे मी आजवर बोललो नाही.

तू विद्यापीठात पहिली आलीस तेव्हा इथल्या एका पेपरात तुझ्यावर आलं होतं. ‘पेपरवाल्याची मुलगी, कुणाचाही आधार नसताना, केवळ जिद्दीच्या जोरावर’. तो अंक मी स्वतः वाटला. नाक्यावर पेढे वाटले. त्या वार्ताहरानं मला एवढंच विचारलं की पहाटे किती वाजता उठता. आणि मी तेवढंच सांगितलं.

कुणाचाही आधार नसताना! दत्तवाडीत मामाच्या दोन खोल्यांत तू चार वर्षं राहिलीस. भाडं नाही, डब्याचे पैसे नाहीत. तुला रात्री दिवा लावून अभ्यास करता यावा म्हणून मामी स्वयंपाकघरात ओट्याखाली अंथरूण टाकायची. उन्हाळ्यात तिथं भिंत तापलेली असायची. दुसऱ्या वर्षाच्या फीला तुझ्या आईच्या पाटल्या गेल्या, हे तुला माहीत आहे. तिसऱ्या वर्षाला मामीनं भिशी उचलली होती, हे तुला माहीत नाही. तिनं शपथ घातली होती म्हणून सांगितलं नाही, आज ती मोडतोय.

मामानं ते कात्रण मागवून घेतलं होतं. मामीनं वाचलं आणि नीट घडी करून पोथीत ठेवलं. एक शब्द बोलली नाही. पुढच्या गणपतीत मी गेलो तेव्हा नुसतं म्हणाली, “भावजी, छान लिहिलंय हो सोनूबद्दल.” मला मान वर करता आली नाही. मी सांगायला हवं होतं, पेपरात जाऊन दुरुस्ती मागायला हवी होती. आनंदात राहून गेलं, आणि नंतर लाज वाटली म्हणून राहून गेलं.

दर १५ ऑक्टोबरला आम्ही विक्रेते नाक्यावर कलामांच्या फोटोला हार घालतो. रामेश्वरमला चालत्या गाडीतून टाकलेले पेपरचे गठ्ठे ते लहानपणी गोळा करायचे, म्हणून ते आमचे. पण मला त्यांचं मोठेपण दुसऱ्याच गोष्टीत वाटतं. मद्रासला इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला तेव्हा हजारभर रुपये हवे होते, आणि बहीण जोहरानं आपलं सोनं गहाण ठेवलं. हे राष्ट्रपती झालेल्या माणसानं स्वतः लिहून ठेवलंय, बहिणीच्या नावासकट. आपल्या साताऱ्यात कर्मवीर भाऊराव पाटलांचं नाव निघालं की त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंच्या दागिन्यांचं नाव निघतंच, बोर्डिंगची पोरं त्यावर जेवली. आगरकरसुद्धा टेंभूहून कऱ्हाडला आजोळी राहून शिकले. त्यांच्या हुशारीला या माहितीनं कमीपणा आला का?

त्या जोडप्यावर राग धरू नकोस. मुलगी कष्टाळू दिसते, म्हातारेही तिच्याबद्दल चांगलंच बोलले. आजारी पडल्यावर तिनं गाडी काढून त्यांना वाईला नेलं होतं म्हणे. तू तिला सरळ विचारलं असतंस, ‘ही जमीन कुणाची होती?’ तर कदाचित तिनं सांगितलंही असतं. तुम्ही विचारत नाही, आणि न विचारता लिहिता, आणि मग आपसात हसता.

म्हाताऱ्यांशी मी बोललोय. सकाळी डेअरीला दूध घालून ते नऊपर्यंत मोकळे असतात, नंतर रानात जातात. तुझ्याशी बोलायला तयार आहेत. आंबा कुणी लावला, रान कधी आणि का गेलं, आता रोज काय मिळतो, सगळं सांगतो म्हणाले. त्या दोघांसमोर बोलायचीही तयारी आहे, चोरून काही नको म्हणाले. पुढच्या रविवारी ये. शनिवारी रात्रीच्या गाडीनं आलीस तर सकाळी मी तुला गाडीवर घेऊन जाईन, लाईन त्या दिवशी तुझा भाऊ बघेल. घाटात गार असतं, स्वेटर आण.

आणि निघण्याआधी दत्तवाडीला जाऊन ये. मामीच्या पोथीतलं ते कात्रण मागून घे आणि तिच्यासमोर बसून वाच. ती नको म्हणेल, तरी वाच.

आईनं मेतकूट आणि लसणाची चटणी करून ठेवली आहे.

तुझे,
अण्णा