योगोपचार समोरचा माणूस पाहून ठरवावा

मा. संपादक,

सप्रेम नमस्कार.

जून महिना लागला की योगदिनाची तयारी सुरू होते. संयुक्त राष्ट्रांनी डिसेंबर २०१४ मध्ये ठराव केला आणि २०१५ पासून २१ जून हा योगदिन म्हणून पाळला जाऊ लागला, याचा माझ्यासारख्या योगशिक्षिकेला मनापासून आनंद आहे. मैदानावर शेकडो माणसे एका आवाजावर एकच आसन करतात, ते दृश्य प्रसन्न करणारे असते. मात्र याच दिवसांत ‘नैराश्यावर पाच आसने’, ‘चिंता घालवणारे तीन प्राणायाम’ अशा मथळ्यांचे लेख ठिकठिकाणी छापून येतात आणि त्यांची कात्रणे पर्समध्ये घडी करून माणसे माझ्याकडे येतात. त्या कात्रणांविषयी, आणि योग शिकवणारे आम्ही लोक काय करतो त्याविषयी, थोडे सविस्तर लिहावेसे वाटते. सामूहिक योगवर्ग आणि योगोपचार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिल्यात सर्वांना एक अभ्यासक्रम चालतो. दुसऱ्यात तो चालत नाही, आणि दुखणे मनाचे असेल तर मुळीच चालत नाही.

हे मला माझ्याच चुकीतून कळले. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात आयर्विन पुलाजवळ कृष्णेचे पाणी ५७ फुटांवर गेले. तिथे धोक्याची पातळी ४५ फूट आहे, हे सांगलीकरांना सांगायला नको. पूर ओसरल्यावर काही महिन्यांनी नदीकाठच्या वस्तीतल्या एक बाई आमच्या वर्गाला येऊ लागल्या. झोप लागत नाही, छातीत धडधडते, डॉक्टरांनी सगळ्या तपासण्या केल्या पण काही निघाले नाही, असे त्या सांगत. मी त्यांना इतरांबरोबर शवासनात झोपवले आणि वर्षानुवर्षे जे म्हणत आले तेच म्हटले: डोळे मिटा, आपण नदीकाठी आहोत अशी कल्पना करा, पाणी संथ वाहते आहे, त्याचा आवाज ऐका. दोन मिनिटांत त्या उठून बसल्या. दोन्ही हातांनी त्यांनी सतरंजीची कड घट्ट धरली होती, बोटांची पेरे पांढरी पडली होती आणि श्वास गळ्यापाशीच अडकत होता. पुराचे पाणी त्यांच्या घरात रात्री शिरले होते. दोन नातवंडांना घेऊन त्या माडीवर बसल्या होत्या आणि एकेक पायरी बुडताना अंधारात ऐकत होत्या, हे मला नंतर कळले. कळले, कारण नंतर मी विचारले. आधी विचारलेच नव्हते.

त्यांच्यासाठी मग सगळाच क्रम बदलावा लागला. खुर्चीत बसायचे, पाठ भिंतीकडे, दोन्ही तळपाय जमिनीवर टेकलेले, डोळे उघडे आणि दार समोर दिसेल अशी जागा. श्वासाकडे लक्ष द्या, असेही सुरुवातीला म्हटले नाही, कारण भ्यालेल्या माणसाला कित्येकदा स्वतःच्या श्वासाचीच भीती वाटते. हात वर नेताना श्वास आत येऊ द्यायचा आणि हात खाली आणताना बाहेर जाऊ द्यायचा, एवढेच ठेवले. प्रत्येक कृती सांगताना ‘जमेल तेवढे’, ‘नको वाटले तर थांबा’ हे शब्द आवर्जून वापरले आणि विचारल्याशिवाय त्यांच्या खांद्याला हात लावला नाही. काही आठवड्यांनी श्वास सोडण्याचा काळ घेण्याच्या काळापेक्षा किंचित लांबवला, कारण उच्छ्वास लांबला की हृदयाचे ठोके मंदावतात आणि शरीर विसाव्याकडे वळते. शवासन त्यांनी पाचव्या महिन्यात केले, तेही कुशीवर आणि डोळे उघडे ठेवून. नदीची ती कल्पना माझ्या वर्गातून तेव्हाच गेली.

याच्या अगदी उलट अनुभव स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्या एका तरुणाचा. दोनदा अपयश आलेला, सकाळी अंथरुणातून उठवत नाही अशी अवस्था. त्याला कोणीतरी रोज अर्धा तास डोळे मिटून ध्यानाला बसायला सांगितले होते, आणि त्या अर्ध्या तासात तो जुन्या चुकाच उगाळत बसे. अशा मनाला लगेच शांतता देऊन उपयोग नसतो. आधी हालचाल, उजेड आणि उघडे डोळे द्यावे लागतात. त्याला सकाळच्या उन्हात उभ्याने करायची आसने आणि जरा वेगाने सूर्यनमस्कार दिले. (सूर्यनमस्काराच्या प्रसारासाठी शेजारच्या सातारा जिल्ह्यातील औंध संस्थानचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी केवढी खटपट केली, हे नव्या पिढीला सांगायला हवे.) तोच वेग चिंतेने आधीच धापा टाकणाऱ्या माणसाला मात्र मानवत नाही. जोरजोरात श्वास घेतल्या-सोडल्याने रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, हातापायांना मुंग्या येतात, चक्कर येते आणि भीतीचा झटका आल्यासारखेच वाटते. भस्रिका आणि कपालभाती या वेगवान श्वसनक्रिया म्हणजे सर्वांनी सकाळी उठून करायची गोष्ट आहे, असा जो समज पसरला आहे तो म्हणूनच मला काळजीचा वाटतो.

माणसागणिक उपाय बदलणे ही नव्या काळाने काढलेली पळवाट आहे, असे काही ज्येष्ठ साधक मला सांगतात. मी नम्रपणे त्यांना पतंजलींच्या योगसूत्रांच्या पहिल्या पादाकडे (प्रकरणाकडे) नेते. तिथे एकतिसाव्या सूत्रात चित्ताच्या विक्षेपाबरोबर, म्हणजे मन विचलित होण्याबरोबर, येणारी लक्षणे सांगितली आहेत: दुःख, दौर्मनस्य (मनाची खिन्नता), अंगाचा कंप आणि बिघडलेला श्वास-प्रश्वास. समोरच्या माणसाचे हात थरथरतात का, श्वास कुठे अडतो, हे आधी पाहा, असाच या सूत्राचा उपयोग मी करत आले आहे. पुढे चित्त प्रसन्न करण्याचे उपाय येतात, आणि चौतिसाव्या सूत्रापासून एकोणचाळिसाव्यापर्यंत सलग सहा सूत्रांत ‘वा’ हा शब्द आहे. श्वासाने, किंवा एखाद्या विषयावर स्थिरावून, किंवा शोकरहित प्रकाशाच्या अनुभवाने; आणि शेवटी ‘यथाभिमतध्यानाद्वा’, म्हणजे आपल्याला जे रुचेल त्याच्या ध्यानाने. ज्यांनी योगाची व्याख्या केली त्यांनीच इतके ‘किंवा’ ठेवले असतील, तर आम्ही एकच छापील तक्ता सर्वांच्या हाती का द्यावा? विसाव्या शतकात योगाचार्य टी. कृष्णमाचार्य आणि त्यांचे पुत्र टी. के. व्ही. देशिकाचार यांनी चेन्नईत हाच विचार प्रत्यक्ष शिकवणुकीत आणला. वय, प्रकृती, व्यवसाय आणि श्रद्धा पाहून साधना ठरवायची, या पद्धतीसाठी ‘विनियोग’ हा शब्द त्यामुळे रूढ झाला. आपल्याकडे लोणावळ्यात स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये कैवल्यधाम स्थापन करून आसन-प्राणायामाचे परिणाम प्रयोगशाळेत तपासायला सुरुवात केली. म्हणजे माणूस पाहण्याची आणि परिणाम तपासण्याची, दोन्ही परंपरा आपल्या घरच्याच आहेत.

श्रद्धेचा प्रश्न सर्वांत नाजूक आहे. तासगाव तालुक्यातले एक वयस्क शेतकरी पत्नी गेल्यावर माझ्याकडे आले. घरात माळ होती, वारी चुकत नव्हती, पण पत्नी गेल्यापासून हरिपाठ तोंडातून निघत नव्हता, आणि त्याचीच त्यांना लाज वाटत होती. त्यांना ओंकार शिकवणे सोपे होते. मी त्यांना फक्त एवढेच विचारले की घरात जप कोण मोठ्याने म्हणायचे. ‘तीच म्हणायची, मी मागून म्हणायचो,’ असे म्हणून ते बराच वेळ खाली पाहत बसले. मग आम्ही ‘रामकृष्णहरी’ एका उच्छ्वासात एकदा म्हणायचे ठरवले. आधी मी म्हणायचे आणि त्यांनी मागून म्हणायचे. सुरुवातीला त्यांचा आवाज ‘राम’पाशीच तुटे, तो तुटू दिला, पुन्हा जोडायची घाई केली नाही. त्या काळात त्यांनी आसन एकही केले नाही. त्यांचा योगोपचार झाला नाही, असे कोणी म्हणू नये. मिरजेच्या एका मुस्लिम भगिनीने मंत्र नको, असे पहिल्याच दिवशी सांगितले. त्यांनी श्वास मोजले आणि त्यांना तेवढे पुरले. ईश्वरप्रणिधानाच्या, म्हणजे ईश्वराला शरण जाण्याच्या, सूत्रातही पतंजलींनी ‘वा’ ठेवला आहे, त्यामुळे ज्यांचा देवावर विश्वास नाही त्यांनाही दार बंद नाही. आध्यात्मिक आधार बाहेरून आणून द्यावा लागत नाही. तो बहुधा त्या माणसापाशी असतोच, दुःखाने त्याच्यावर माती लोटलेली असते.

एक मर्यादा स्पष्ट लिहायलाच हवी. योगशिक्षकाने मानसोपचाराची औषधे बंद करायला सांगू नये. तो त्याचा अधिकार नाही. तीव्र मानसिक आजारात दीर्घ मौन आणि लांबलचक ध्यान अपायकारक ठरू शकते. मिरजेसारखे वैद्यकीय केंद्र हाकेच्या अंतरावर असताना डॉक्टर आणि योगशिक्षक यांच्यात एका ओळीच्या चिठ्ठीचीही देवाणघेवाण होत नाही, ही खेदाची गोष्ट आहे. जीव नकोसा झाल्याचे कोणी बोलून दाखवले तर आसन सांगत बसू नये; त्या माणसाला एकटे न सोडता ताबडतोब डॉक्टरांकडे न्यावे आणि ऑक्टोबर २०२२ पासून सुरू असलेल्या टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक त्याच्या घरच्यांना लिहून द्यावा. माझ्या वर्गात तो फळ्याच्या कोपऱ्यात कायम लिहिलेला असतो.

आपल्या माध्यमातून तीन विनंत्या कराव्याशा वाटतात. योगशिक्षकांनी मनाचे दुखणे घेऊन आलेल्या माणसाशी पहिल्या भेटीत, बाकीची माणसे नसताना, निदान अर्धा तास बोलावे. झोप, भूक, औषधे, घरातला मृत्यू, जुनी भीती आणि कोणत्या गोष्टीने बरे वाटते, हे विचारावे, आणि त्या दिवशी काहीही शिकवले नाही तरी चालेल असे समजावे. योगशिक्षकांच्या अभ्यासक्रमांत आसनांच्या नावांइतकाच वेळ ऐकून घेण्याच्या सरावाला मिळावा. आणि वर्तमानपत्रांनी मनाच्या दुखण्यावरचे लेख छापताना, त्यांतले उपाय कोणी करू नयेत आणि काय झाले तर थांबावे, हेही त्याच चौकटीत छापावे.

यंदाचा योगदिन पावसाच्या तोंडावर येतो आहे. हरिपूर, ब्रह्मनाळ, भिलवडी, अंकली या कृष्णाकाठच्या गावांत ज्यांची शिबिरे ठरली आहेत त्यांनी शवासनाच्या सूचना आधी एकदा वाचून पाहाव्यात आणि त्यांत नदी, पाणी, लाटा असे शब्द असतील तर ते काढून टाकावेत. ज्याला डोळे उघडे ठेवायचे आहेत, बसून राहायचे आहे किंवा उठून बाहेर जायचे आहे, त्याला तशी मोकळीक आहे, हे शिबिराच्या सुरुवातीलाच मोठ्याने सांगावे. हे पत्र २१ जूनच्या आधी प्रसिद्ध झाल्यास उपयोग होईल, म्हणून आत्ताच पाठवत आहे.

आपली,
एक योगशिक्षिका
विश्रामबाग, सांगली