पटाशेजारी वजीर ठेवणाऱ्या मॅडमना

आदरणीय पंच मॅडम, नमस्कार.

मागच्या रविवारी सांगलीत, लहान गटात, कोपऱ्यातल्या पटावर खुर्चीत गुडघे रोवून खेळणारी दोन वेण्यांची मुलगी तुम्हाला आठवेल-न आठवेल. मी तिची आई. खिडकीबाहेर उभी होते.

नागपूरच्या दिव्या देशमुखने 2025 मध्ये जॉर्जियातल्या बाटुमीला बुद्धिबळाचा महिला विश्वचषक जिंकला आणि आमच्या माळ्यावरचा पट खाली आला. हिच्या पहिल्याच स्पर्धेत (गाव सांगत नाही) प्यादं शेवटच्या, आठव्या घरात पोचलं, म्हणजे त्याचा वजीर करता येतो. वजीर हवा, तर तो समोरच्या मुलाच्या मुठीत. मारलेल्या सोंगट्या हातात घोळवायची पोरांना सवयच असते. घड्याळ पळत होतं. हिने हत्ती उलटा ठेवला, "वजीर" म्हणाली आणि घड्याळ दाबलं. घरी आम्ही तसंच खेळायचो ना! तिथले पंच म्हणाले, उलटा ठेवला तरी हत्ती तो हत्तीच. नियम बरोबर आहे, तक्रार नाही. पण घड्याळ थांबवून पंचांकडे वजीर मागता येतो, हे काही त्यांनी सांगितलं नाही. "आईबापांनी एवढंही शिकवलं नाही?" हे मात्र अख्ख्या हॉलला ऐकू गेलं. पुढे चार महिने हिने पटाला हात लावला नाही.

परवा पुन्हा तीच वेळ. दोघांचीही प्यादी सुटलेली, वजीर व्हायला वाट मोकळी. हिने वेणीचं टोक तोंडात धरलेलं, म्हणजे घाबरली होती. तुम्ही शेजारच्या संपलेल्या डावातले दोन वजीर उचललेत, एक पांढरा, एक काळा. आवाज न करता पटाच्या कडेला ठेवलेत आणि पुढे गेलात. वेणी तोंडातून सुटली.

डाव ती हरलीच. प्यादं सातव्या घरात मारलं गेलं, पांढरा वजीर होता तिथेच राहिला. तरी बाहेर आल्यावर पहिलं वाक्य, "आई, मॅडमनी आधीच वजीर ठेवला होता!" निकाल नंतर सांगितला.

दोन्ही रंगांचे ठेवलेत, हे मला परतीच्या एसटीत सुचलं. म्हणजे समोरच्या लेकराचाही विचार त्यात होता. बँकेत, दवाखान्यात, कुठंही, माणूस अडला की नियम ऐकवणारे पैशाला पासरी. अडायच्या आधी बघणारं कुणी भेटलं की काय बोलावं तेच कळत नाही, म्हणून तिथं काही बोलले नाही.

तुमचं नावही विचारायचं राहिलं. पुढच्या स्पर्धेला येतोय, तेव्हा विचारीन.

दोन वेण्यांवालीची आई, कऱ्हाड