पाकिस्तानात घटनेचा घात १९५४ सालीच

मा. संपादक,
स. न.

पाकिस्तानातील अस्थिरतेचा विषय निघाला की आपल्याकडचे बहुतेक लेख लष्करप्रमुख अयुब खान यांच्यापासून, म्हणजे ऑक्टोबर १९५८ पासून सुरू होतात. लष्कर उघडपणे सत्तेवर आले ते तेव्हाच, हे खरे. पण त्याला दार उघडून देणारे मुलकी अधिकारी आणि न्यायाधीश होते, आणि ते काम चार वर्षे आधीच झाले होते.

कराचीत १० ऑगस्ट १९४७ रोजी घटना समितीची पहिली बैठक झाली. हंगामी अध्यक्ष जोगेंद्रनाथ मंडल. १९४६ मध्ये डॉ. आंबेडकरांना बंगालमधून आपल्या घटना समितीवर निवडून आणण्यासाठी झटले ते हेच. पुढे जिना गेले, पहिले पंतप्रधान लियाकत अली खान यांची हत्या झाली आणि घटना रखडली. धर्माचे स्थान काय, हा वाद होताच. पण माझ्या मते खरी अडचण शिरगणतीची होती. निम्म्याहून अधिक लोक पूर्व बंगालात, म्हणजे आजच्या बांगलादेशात. प्रत्येकाला एक मत म्हटले की सत्ता ढाक्याकडे जाणार!

तरीही १९५४ मध्ये मसुदा होत आला. पंतप्रधान महंमद अली बोग्रा यांनी २५ डिसेंबरचा, जिनांच्या जयंतीचा मुहूर्तही सांगून टाकला. गव्हर्नर जनरल गुलाम महंमद यांनी आदल्या वर्षी ख्वाजा नाझिमुद्दीन यांचे सरकार बडतर्फ केले होते. समितीने सप्टेंबरमध्ये त्यांचा तो अधिकारच काढून घेतला. २४ ऑक्टोबरला त्यांनी समितीच बरखास्त केली. कारण दिले, तिने जनतेचा विश्वास गमावला आहे. त्यात तथ्य नव्हते असे नाही, पूर्व बंगालच्या निवडणुकीत त्याच वर्षी, समितीत बहुमत असलेल्या मुस्लिम लीगचा धुव्वा उडाला होता. मग लोकांकडे जायचे होते. पण दुसरी समितीही प्रांतिक विधिमंडळांतूनच आली, आणि पाकिस्तानातली पहिली सार्वत्रिक निवडणूक व्हायला १९७० उजाडले.

समितीचे अध्यक्ष मौलवी तमीझुद्दीन खान कोर्टात गेले. सिंध चीफ कोर्टात जिंकले, मार्च १९५५ मध्ये फेडरल कोर्टात, म्हणजे तेव्हाच्या सर्वोच्च न्यायालयात, हरले. ज्या दुरुस्तीखाली सिंध कोर्टाने दाद दिली तिला गव्हर्नर जनरलची संमती नव्हती, सबब ती कायदाच नव्हे, असा सरन्यायाधीश महंमद मुनीर यांचा निर्वाळा. म्हणजे समिती मोडणे वैध होते का, या प्रश्नाला हातच लावायला नको! भिन्नमत एकट्या न्या. कॉर्नेलियस यांचे.

२३ मार्च १९५६ ची घटना अडीच वर्षे टिकली. त्या काळात पंतप्रधान झालेले चुंद्रीगर मूळचे मुंबई इलाख्यातले, मुंबई विधानसभेत बसलेले. त्यांना जेमतेम दोन महिने मिळाले. ७ ऑक्टोबर १९५८ ला राष्ट्राध्यक्ष इस्कंदर मिर्झा यांनी ती घटना रद्द केली आणि त्याच महिन्यात दोसो खटल्यात मुनीर यांच्याच कोर्टाने यशस्वी झालेला उठाव कायदेशीर ठरवला. पाठोपाठ अयुब यांनी मिर्झांनाही घालवले. यापुढे या विषयावर लेख छापताना अयुब यांच्या आधी गुलाम महंमद आणि मुनीर यांची नावे यावीत, एवढीच विनंती.

— एक वाचक, सोलापूर